वाँटेजच्या मठातले पुडिंग

गेल्या पाडव्याला आमच्याकडे फराळाला दहाबारा माणसे जमली होती. चिवडा झाला, अनारसे झाले, दुसरा चहा झाला, आणि आपल्याकडे दुसऱ्या चहानंतर जे होते तेच झाले. वाद सुरू झाला. कुणीतरी पंडिता रमाबाईंचे नाव काढले. एक वडीलधारे गृहस्थ आरामखुर्चीतून म्हणाले, "बाई विद्वान खऱ्या, त्यात शंका नाही. पण विलायतेत मिशनऱ्यांच्या मठात गेल्या, आणि तिथे त्यांना हवे तसे घडवून इकडे पाठवून दिले." त्यांच्या सूनबाई जरा अवघडून म्हणाल्या, "बाबा, धर्माचं काय घेऊन बसलात? विधवांसाठी त्यांनी केवढं काम केलं ते बघा ना!" यावर सगळ्यांनी 'तेही खरेच' अशा माना डोलावल्या, शंकरपाळ्यांची बशी पुढे सरकली आणि वाद मिटला.

मी यजमानीण, म्हणून गप्प बसले. पण हा वाद असा मिटू देणे मला मान्य नाही. सासऱ्यांनी एक सांगितले आणि सुनेने दुसरे, असे तेव्हा सगळ्यांना वाटले. वस्तुतः दोघांनी एकच गोष्ट सांगितली. मठात काय घडले ते आम्हांला ठाऊक आहे आणि म्हणून ते पाहायची गरज नाही, ही ती गोष्ट. एकाने त्या मठाला कारखाना ठरवले, दुसरीने त्या मठावर पडदा ओढला. मी त्या मठाचे दार थोडे उघडून दाखवणार आहे. आत कारखाना दिसत नाही. आत एक जेवणाचे मेज दिसते, आणि त्या मेजावर एक भांडण चाललेले दिसते.

वाँटेज हे इंग्लंडमधले एक लहान गाव. रमाबाई गेल्या तेव्हा ते बर्कशर परगण्यात मोडत असे. आल्फ्रेड राजाचे जन्मस्थान म्हणून ते इंग्रजांना माहीत. तिथले धर्मोपदेशक विल्यम बटलर यांनी १८४८ साली इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चमधल्या स्त्रियांचा एक संघ काढला. कुमारी मरियेच्या नावाचा हा संघ. व्रतस्थ स्त्रियांचा. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही त्यांची तीन व्रते. शाळा चालवायच्या, आजाऱ्यांची सेवा करायची, वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना आसरा द्यायचा, हे त्यांचे काम. १८७७ साली या संघाच्या भगिनी पुण्याला आल्या. पुण्यात ज्याला आपण पंचहौद मिशन म्हणतो त्याच्याशी त्यांचे काम जोडलेले. तेव्हापासून वाँटेज हे केवळ मठ राहिले नाही. पुण्याला जायच्या बायका तिथे तयार होऊ लागल्या, आणि तयार व्हायचे तर मराठी यायला हवी.

आता एक साधा प्रश्न. वाँटेजच्या इंग्रज बायकांना मराठी कोण शिकवणार?

इथे रमाबाई येतात. १८५८ सालचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून पंडितांच्या सभेला तोंड दिलेले. आईने मुलीला शिकवले. दुष्काळात आईबाप गेले, भावाबरोबर देशभर पायी हिंडणे झाले, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटले. मग भाऊ गेला. बंगाली वकिलाशी लग्न झाले, आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ च्या फेब्रुवारीत, तोही पटकीने गेला. पदरात दहा महिन्यांची मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले. डॉक्टर व्हायचे मनात होते. १८८३ च्या एप्रिलमध्ये आगबोटीत बसल्या आणि मे महिन्यात इंग्लंडला पोचल्या. बरोबर मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण.

करार असा होता की रमाबाईंनी भगिनींना मराठी शिकवायची, आणि भगिनींनी त्यांच्या राहण्याजेवणाची आणि इंग्रजी शिकण्याची सोय करायची. आमच्या आरामखुर्चीतल्या गृहस्थांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे अशी माझी नम्र विनंती आहे. त्या मिशनरी विद्यालयात रमाबाई शिकायला जितक्या गेल्या, तितक्याच शिकवायला गेल्या. पुण्याच्या पेठांतून पुढे ज्या इंग्रज भगिनी मराठी बोलत फिरणार होत्या त्यांच्या त्या पंतोजी! भीक मागत गेलेल्या बाईचे हे चित्र नव्हे.

पण घोटाळाही याच करारात होता. मठात राहणारी माणसे तीन प्रकारची असतात. व्रत घेतलेली, व्रत घेण्याची तयारी करणारी आणि पाहुणी. रमाबाई यांपैकी कोण? त्या स्वतःला शिक्षिका समजत होत्या. सप्टेंबरच्या २९ तारखेला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवसापासून मठ त्यांना लेक समजू लागला. शिक्षिकेशी करार असतो. लेकीशी कसला करार? लेकीने ऐकायचे असते.

मठातला दिवस घंटेने चालतो. पहाटे घंटा, प्रार्थना. मग घंटा, काम. दिवसाचे तुकडे ठरावीक प्रार्थनांनी पाडलेले, आणि रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर जे मौन सुरू होते ते सकाळपर्यंत मोडायचे नाही. व्रतस्थ बाईने कुठे जायचे, काय वाचायचे, कुठले काम धरायचे आणि कुठले सोडायचे, हे वरिष्ठ भगिनी ठरवणार. यात जुलूम काही नाही. ज्यांनी स्वखुशीने ते पत्करले त्यांना त्यात मोठी शांतीही लाभते. पंढरीच्या वाटेवर पखवाज वाजला की पावले आपोआप उचलली जातात, तसेच ते. रमाबाईंना कानांनी कमी ऐकू येई. त्यापायीच डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला. घंटेवर चालणाऱ्या घरात कमी ऐकू येणारी बाई! मला कधी कधी वाटते की पुढच्या सगळ्या कथेचे सार देवाने आधीच तिच्या कानांत घालून ठेवले होते. असो.

रमाबाईंची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्या भगिनीचे नाव जेराल्डीन. मनोरमेच्या नात्याने रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत, पत्रांतही तेच संबोधन लिहीत. वाचकहो, हे संबोधन लक्षात ठेवा. कारण पुढे जी भांडणे झाली ती मिशनरी आणि बाटगी यांची भांडणे म्हणून वाचली तर काही कळत नाही. आजीबाई आणि लेक यांची म्हणून वाचली की प्रत्येक ओळ ओळखीची वाटू लागते.

पहिले भांडण जेवणावरून. रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारीच राहिल्या. मांस नाही, मासे नाहीत, अंडे घातलेले पक्वान्नही नाही. आजीबाईंना हे खटकले. ख्रिस्ती झालीस आणि ताटात अजून जात शिल्लक? हा गर्व आहे, जुन्या जातीचा अभिमान आहे, असे त्यांनी लिहिले. यावर रमाबाईंनी जे उत्तर धाडले ते मी कितीदा तरी वाचले आणि दर वेळी हसू आले. आजीबाईंना माझा गर्व शोधायचा असेल तर त्यांनी तो पायमध्ये, पुडिंगमध्ये, लोण्यात, दुधात खुशाल शोधावा, असा त्याचा आशय. आणि मग, कुणाला न दुखावता, एक प्रश्न: एखादी इंग्रज बाई हिंदूंच्या घरी काही काळ राहायला आली, आणि ज्यांनी कुणाचे काही बिघडत नाही अशा आपल्या सवयी तिने सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले तिला आवडेल काय?

या प्रश्नाला वाँटेजमध्ये उत्तर नव्हते. पुण्यात तरी होते काय? रमाबाई परत आल्यानंतर दोन वर्षांच्या आत, १८९० साली, पंचहौद मिशनमध्ये पुण्याच्या काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. एवढ्यावरून गावात केवढा गहजब झाला ते आपण शाळेत वाचले आहे. ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ताची मागणी झाली, आणि रानड्यांसारख्या माणसाने अखेर ते घेतले. म्हणजे वाँटेजच्या मेजावर पुडिंग खाल्ले नाही म्हणून बाई पुरती ख्रिस्ती नव्हे, आणि त्याच मिशनच्या पुण्यातल्या मेजावर चहा प्याला म्हणून माणूस पुरता हिंदू नव्हे! दोन्ही ठिकाणी धर्म माणसाच्या घशातून खाली काय जाते यावर पहारा करीत बसलेला. एका पहारेकऱ्याला आपण परके म्हणतो, दुसऱ्याला आपले. पंडिता रमाबाई दोघांनाही एकाच मापाने मोजत होत्या, आणि त्यांचा खरा अपराध हाच.

दुसरे भांडण क्रुसावरून. गळ्यातल्या क्रुसावर काही शब्द कोरलेले असावेत आणि ते लॅटिनमध्ये असावेत, असा मठाचा रिवाज. रमाबाई म्हणाल्या, लॅटिन मला कळत नाही, माझ्या देशातल्या लोकांनाही कळत नाही. संस्कृत का नको? लॅटिनमध्ये असे काय आहे की जे आमच्या जुन्या संस्कृतात नाही? की ब्राह्मणांना संस्कृताविषयी जे वाटते तेच तुम्हांला लॅटिनविषयी वाटते? हा टोला असा बसला आहे की त्याचा आवाज आजही ऐकू येतो. ज्या बाईने पुण्यात पुरोहितांचे भाषेवरचे कुलूप पाहिले, तिने इंग्लंडातही तेच कुलूप ओळखले. कुलपावरचे नाव तेवढे निराळे.

तिसरे भांडण मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १८८४ साली रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथल्या मुख्याध्यापिका डॉरोथिया बील या थोर शिक्षणतज्ज्ञ. रमाबाई तिथे शिकत आणि संस्कृतही शिकवीत. पुढे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली. लगेच मुंबईचे बिशप आणि लाहोरचे बिशप यांनी हरकत घेतली. तरुण पुरुषांना शिकवले तर हिंदुस्थानात बाईंचे नाव खराब होईल, मग मिशनच्या कामाला त्यांचा उपयोग काय? पाहा, रमाबाईंच्या अब्रूची काळजी कोण करतो आहे! ज्या बाईने देशभर पुरुषांच्या सभांतून शास्त्रार्थ केला, कलकत्त्याच्या पंडितांपुढे जी उभी राहिली, तिने चार इंग्रज पोरांना विभक्तिप्रत्यय शिकवले तर ती बिघडेल. रमाबाईंनी बीलबाईंना कळवले की, माझ्या वडिलांनी वा पतीने माझ्या आईच्या किंवा माझ्या शिकवण्याला कधी आक्षेप घेतला नाही, आणि इंग्रज लोक तो घेतात याचे नवल वाटते. घरातले जुन्या वळणाचे शास्त्री वडील जे करू शकले ते सुधारलेल्या देशाच्या बिशपांना पेलवले नाही.

बिशपांवर हसणे सोपे आहे. मी स्वतः हसलेच की. पण 'लोक काय म्हणतील' हा बिशपांचा मुद्दा आमच्या घरात कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत बोलला जात नाही, हे वाचकांनी आपल्या मनाशी मोजावे. मुलीने संध्याकाळी कुठल्या वर्गाला जावे, सुनेने कुठल्या गावी बदली घ्यावी, ही चर्चा आजही तिच्या भल्याच्या भाषेत होते. जेराल्डीन भगिनीही भल्याच्याच भाषेत बोलत होत्या. तू अजून लहान आहेस (श्रद्धेने, वयाने नव्हे), तुला नम्रता शिकली पाहिजे, प्रश्न विचारण्याआधी ऐकायला शिक, आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो. यातला एकही शब्द कठोर नाही. माझ्या सासूबाई फार प्रेमळ होत्या, आणि त्या बरोबर याच शब्दांत बोलत. प्रेमाने मागितलेले आज्ञापालन नाकारायला जेवढे बळ लागते, तेवढे दंडुक्याने मागितलेले नाकारायला लागत नाही. दंडुका दाखवणारा निदान समोर उभा असतो. 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणणारा आपल्याच आतून बोलू लागतो.

रमाबाईंनी ते बळ दाखवले. १८८५ च्या मे महिन्यातल्या पत्रात त्यांनी आजीबाईंना स्पष्ट कळवले की, आपण हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, तशाच दुसऱ्या जोखडात ती अडकवण्याची आपली इच्छा नाही. बिशपाची आज्ञा म्हणजे परमेश्वराची आज्ञा, हे त्यांना मान्य नव्हते. देव आणि आपण यांच्यामध्ये सदसद्विवेकबुद्धी आहे, आणि तिचा निवाडा शेवटचा. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना, आणि न पटलेले पटले म्हणून सांगायला त्या तयार नव्हत्या. आमच्या गृहस्थांचा 'घडवून पाठवल्या'चा सिद्धान्त इथे कोसळतो. ज्या मातीने अशी पत्रे लिहिली ती कुंभाराच्या चाकावर बसली होती असे म्हणायला भलतेच धैर्य हवे. कारखान्यातून माल तयार होऊन निघाला असता तर कारखानदाराला वर्षानुवर्षे मालाशी वाद घालीत बसावे लागले नसते.

पण सूनबाईंचा पडदाही मी राहू देणार नाही. 'धर्माचं काय घेऊन बसलात' या वाक्यात सौजन्य आहे, पण त्या सौजन्याने रमाबाईंचा अपमान होतो. त्यांनी धर्म गंभीरपणे घेतला होता, आणि म्हणूनच त्या इतक्या भांडल्या. ज्याला धर्म म्हणजे नावगाव बदलण्याची बाब वाटते तो क्रुसावरच्या अक्षरांसाठी पत्रे लिहीत नाही, मुकाट्याने क्रूस घालतो. आणि त्या ख्रिस्ती का झाल्या याचे कारणही त्यांनी स्वतः सांगितले आहे. लंडनजवळ फुलम येथे वाँटेजच्या भगिनींचे एक आश्रयगृह होते. समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायका तिथे राहत, आणि भगिनी त्यांना मायेने वागवीत. रमाबाईंनी ते पाहिले. आपल्या शास्त्रांत अशा बाईला काय मिळते हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते, कारण शास्त्रे त्यांना मुखोद्गत होती. या दोन गोष्टी त्यांनी शेजारी ठेवल्या आणि निवाडा केला. निवाडा चुकला असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी फुलमचे उत्तर द्यावे. पैशाचे आमिष, गोड बोलून फसवणूक ही उत्तरे नव्हेत. तशी ती पुण्याने तेव्हाही दिलीच होती. तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार' लिहून रमाबाईंची बाजू घेतली. पुण्यात एक तरी माणूस असा निघाला, ही पुण्याची पुण्याई.

आता एक अशी गोष्ट सांगते की जी सणाच्या दिवशी सांगू नये, आणि तरीही वगळली तर माझ्या लेखात आणि सूनबाईंच्या पडद्यात फरक उरणार नाही. रमाबाईंबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत परत आल्या नाहीत. परक्या मुलखात, परक्या घंटांच्या घरात, त्यांच्या मनाने घेतले की आपल्याला बळेच बाटवणार. भीतीने त्यांचा तोल गेला. एका रात्री त्यांनी, जणू रमाबाईंना त्यापासून वाचवण्यासाठी, त्यांचाच गळा दाबण्याचा प्रयत्न केला, आणि पुढे थोड्याच दिवसांत स्वतःचा प्राण दिला. साल १८८३, बाप्तिस्म्याच्या आधी. भगिनींनी कुणावर बळजबरी केली याचा पुरावा नाही, आणि ती केली असेही मी म्हणत नाही. पण बळजबरी झाली नाही म्हणून भीती खोटी होती असे होत नाही. भलेपणाने भरलेल्या त्या घरात त्या बाईला एकही खिडकी सापडली नाही. भलेपणाने गजबजलेल्या घरात कधी कधी असे होते.

रमाबाईंवरही माझा एक आक्षेप आहे, तो इथेच नोंदवते. विवेकबुद्धीचा एवढा कैवार घेणाऱ्या बाईने अडीच वर्षांच्या मनोरमेला बाप्तिस्मा कसा दिला? त्या पोरीला कुणी विचारले? आई म्हणून आपणही मुलांचे बारसे, मुंज करतो, मुलांना विचारीत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आक्षेप मागे घेत नाही, पण आवाज खाली आणते. आणि रमाबाईंना हे कुठेतरी जाणवले असावे, कारण पुढे मनोरमेच्या बाबतीत त्या आजीबाईंशी जेवढ्या भांडल्या तेवढ्या स्वतःसाठीही भांडल्या नाहीत. न कळणारी गूढ तत्त्वे त्या पोरीला घोकायला लावू नका, हा एक आग्रह. दुसरा आग्रह मला त्याहून मोठा वाटतो. ही मुलगी आपल्या देशातल्या माणसांतली एक म्हणून वाढली पाहिजे. हिंदुस्थानची लेक म्हणवून घेताना तिची मान खाली जाता कामा नये, असे त्यांनी वाँटेजला कळवले. 'बाटून परकी झाली' असे ज्या बाईविषयी इथे बोलले जात होते, ती तिथे बसून हे लिहीत होती. आज ज्यांची नातवंडे कॅलिफोर्नियात वाढतात आणि दिवाळीला पडद्यावरून 'हॅपी दिवाली' म्हणतात, त्या आजीआजोबांनी हे पत्र अवश्य मिळवून वाचावे. रमाबाईंचा धर्म त्यांना पटो वा न पटो, ही काळजी त्यांची स्वतःचीच आहे.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेला निघाल्या, आनंदीबाई जोशांच्या पदवीदानाला. तिथून पुढची कथा, म्हणजे पुस्तक, व्याख्याने, १८८९ चे शारदासदन, त्यावरून उठलेले वादळ, केडगाव, सर्वांना थोडीफार माहीत आहे. केडगावात दुष्काळातल्या शेकडो बायकामुलींसाठी त्यांनी जे घर उभारले तिथेही घंटा होती, शिस्त होती आणि आज्ञाही होती, असे कुणी म्हणेल. म्हणावे. त्या घरावर निराळा लेख होईल, आणि त्यात मी रमाबाईंच्या बाजूने असेनच असे नाही.

मी जी पत्रे सांगितली ती आपल्यापर्यंत कशी आली? रमाबाईंनी ती जपली नाहीत. पुण्यानेही जपली नाहीत. ज्या पत्रांत आपला पराभव झाला आहे, आपल्याला पुडिंगवरून चिमटे काढले आहेत, आपल्याला बिशपांसकट पुरोहितांच्या रांगेत बसवले आहे, ती सारी पत्रे म्हाताऱ्या जेराल्डीन भगिनींनी स्वतः गोळा करून, लावून ठेवली. रमाबाई हट्टी आहेत, गर्विष्ठ आहेत, हे त्यांचे मत शेवटपर्यंत फारसे बदलले नाही. तरी त्यांनी दुसऱ्या बाजूचा एक कागद जाळला नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो संग्रह अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली छापला. म्हणजे रमाबाईंची सर्वांत तिखट बाजू मांडणारे पुस्तक आपल्या सरकारने छापले, ते परक्या मठातल्या आजीबाईंच्या कपाटातून आले, आणि पाडव्याच्या फराळाला बसलेल्या दहाबारा सुशिक्षित माणसांपैकी एकानेही ते उघडले नव्हते. त्या दिवशी मी गप्प बसले त्याचे खरे कारणही हेच. यजमानीणपणा ही सबब होती. मीही ते तोवर उघडले नव्हते.

यंदाच्या पाडव्याला तीच मंडळी पुन्हा येणार आहेत. पुस्तक जाड आहे, इंग्रजीत आहे, आणि माझ्या प्रतीची बांधणी सुटली आहे. मी ते बैठकीच्या खोलीत काढून ठेवले आहे. सूनबाईंनी फोनवरूनच ते मागून ठेवले. गृहस्थांनी एवढेच विचारले की, यंदा अनारसे करणार आहात ना?